वॉटसनचं हॉटेल : काळ्या घोड्यापाशी उभं असलेलं बिडाचं घर

लोखंडवाट (जालना)

मंडळी, पुष्कळ दिवसांपासून हा धागा काढायचा होता.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात जालन्याहून मुंबईला गेले. गावात खडी फोडायचं काम चालू होतं, मिलोची भाकरी होती, सुकडी मिळायची. पण घरात खाणारी तोंडं नऊ. आजोबा म्हणाले, एक जण बाहेर पडला तर बाकीच्यांना पुरेल. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. ओळखीच्या एका माणसानं त्यांना फोर्टातल्या काळा घोडा चौकाजवळ एका वकिलाच्या हापिसात शिपाई म्हणून लावून दिलं. दिवसा कोर्टात फायली पोचवायच्या अन् रात्री त्याच हापिसाच्या दारासमोर, बाल्कनीत वळकटी टाकून झोपायचं. असं एकोणीस वर्षं चाललं. १९९१ ला ते परत आले.

त्या इमारतीचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. लहानपणी मी त्यांना विचारायचो, मुंबईची घरं कशी असतात? ते म्हणायचे, "बाकीच्या दगडाच्या. आमची मात्र तव्याची होती. खांबावर टिचकी मारली की बिडाच्या तव्यासारखी वाजायची."

पुढं मी इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये लागलो. भंगार वितळवायचं, त्याचं बिलेट म्हणजे लांबट ठोकळा पाडायचा, बिलेट तापवून सळई ओढायची. वीस वर्षं झाली लोखंडात. वडिलांच्या त्या वाक्याचा अर्थ मला मिलमध्ये कळला. इमारतीचे खांब खरंच ओतीव बिडाचे होते.

ती मुळात हॉटेल म्हणून बांधलेली. जॉन हडसन वॉटसन हा मुंबईत कापडाचा धंदा करणारा इंग्रज व्यापारी. फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, तेव्हा एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्यासमोरच्या मैदानात, मोकळी झालेली जागा त्यानं घेतली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं प्रचंड छत अन् रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट या दोन्ही कामांत याच माणसाचा हात होता. वॉटसनच्या हॉटेलाचे खांब, तुळया, कठडे सगळं इंग्लंडात तयार झालं, जहाजानं मुंबईला आलं अन् १८६७ ते १८६९ या काळात इथं जोडलं गेलं. १८७१ ला हॉटेल सुरू झालं. पाच मजले, १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताखाली नाचाचं दालन.

आज आपण एमआयडीसीत शेड उभी करतो तेव्हा काय करतो? वर्कशॉपात कॉलम-बीम कापायचे, भोकं पाडायची, नंबर टाकायचे, ट्रकवर चढवायचे अन् जागेवर नेऊन बोल्ट आवळायचे. वॉटसनचं हॉटेल अगदी तसंच उभं राहिलं, दीडशे वर्षांपूर्वी. भिंती विटांच्या आहेत, पण त्या नुसतं भरण. भार सगळा लोखंडाच्या सांगाड्यावर. पुढच्या काळात ज्या तऱ्हेनं शिकागोच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्याच तऱ्हेचं हे काम. अन् पहिली गगनचुंबी इमारत म्हणून नावाजलेली शिकागोतली होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची. म्हणजे आपली चौदा-सोळा वर्षं आधीची.

२०१८ ला कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा मुद्दाम बघून आलो. आत लाकडी फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्या, वायरींची जाळी, जिन्यात अंधार. एका खांबाचा रंग पोपडा होऊन सुटला होता. त्याखाली आणखी रंग, त्याखाली आणखी. मी नखानं एक पोपडा काढला, तर सात रंग मोजले. सगळ्यात खाली काळंभोर, घट्ट बीड. गंजाचा मागमूस नाही. तिथून दोन हात वर, तुळईच्या टोकाला मात्र गंज पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुगलेला, बोट लावलं की भुगा. बराच वेळ तिथं उभा राहिलो.

पुढच्याच वर्षी इमारत रिकामी केली. या हॉटेलाबद्दल कुणाला काही माहीत असेल, कुणाच्या घरचं कुणी तिथं राहिलं-वावरलं असेल, तर लिहा. मला सगळं गोळा करायचंय.

बालाघाट (बीड)

लोखंडवाट भाऊ, सकाळपासून तिसऱ्यांदा वाचायलो. तव्याची बिल्डिंग हे डोक्यातून जाईना.

आमच्या आईकडं आजीच्या वेळचा बिडाचा तवा होता. मागच्या दिवाळीत ओट्यावरून फरशीवर पडला अन् सरळ दोन तुकडे. आई दिवसभर जेवली नाही. मला एक सांगा, तवा जर एवढ्यात फुटतो तर पाच मजली इमारत बिडावर कशी उभी राहिली?

लोखंडवाट

भाऊ, नेमका प्रश्न विचारलात. बीड दाबाला लई जबर. वरून कितीही ओझं द्या, सोसतं. पण ओढलं, वाकवलं, ठोकलं की तडकतं. तवा फुटला तो आपटल्यामुळं. घडीव लोखंडाचं उलट. ते वाकतं, ताण घेतं, तुटायच्या आधी इशारा देतं. म्हणून जाणता माणूस खांब बिडाचे करतो अन् तुळया घडीव लोखंडाच्या. ऑर्डिशनं तेच केलं. खांबावर फक्त उभा भार, वाकण्याचं काम तुळयांकडं.

अन् बीड गंजाला लवकर दाद देत नाही, म्हणून खांब शाबूत अन् तुळयांची टोकं खाल्लेली. पाणी मुरतं ते जोडावरच.

आईंना माझा नमस्कार सांगा. तुकडे टाकले नसतील तर ठेवा. चांगला बीड-वेल्डिंगवाला असेल तर निकलच्या रॉडनं जोडून देतो. स्वयंपाकाला वापरू नका त्यानंतर, पण घरात राहील.

गोदातीर (नांदेड)

लेखन आवडलं. निवृत्त इतिहास शिक्षक म्हणून थोडी भर घालतो.

हे हॉटेल बांधायला मुंबईत पैसा कुठून आला हे पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्याकडं तोंड वळवलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला अन् तो सगळा पैसा मुंबईत ओतला गेला. तटबंदी पाडून नवं शहर वसवायचा उत्साह गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळातला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीनंतर दोनच वर्षांत वॉटसन असलं खर्चिक काम सुरू करतो, यावरून त्याची हिंमत कळते.

दुसरी गोष्ट. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. म्हणजे या हॉटेलाचं लोखंड आफ्रिकेला वळसा घालून आलेलं आहे. जोत्याचा लाल दगडसुद्धा इंग्लंडातल्या पेनरिथ भागातून आणलेला. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या तोंडाशी, जिथं आपल्या माणसांनी वेरूळला अख्खा डोंगर कोरून कैलास उभा केला, तिथं दगड सातासमुद्रापलीकडून आणला! या माणसाला आपल्या गावाकडचा दगडच पाहिजे होता, कारण तोही त्याच कंबरलंड भागातला. परमुलखात राहणाऱ्याची ही ओढ मला समजते. माझा धाकटा मुलगा पुण्यात घर बांधताना देवघरासाठी नांदेडहून गोदावरीतले गोटे घेऊन गेला.

परभणीची_सई

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलच्या दारात हिंदी माणूस म्हणून अडवलं आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं. आमच्या शाळेत बाईंनी हीच गोष्ट सांगितली होती, टाळ्या वाजवल्या होत्या आम्ही. हे खरं आहे का?

मीरा_पाहुणचार (छत्रपती संभाजीनगर)

सई, मी इथल्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजची विद्यार्थिनी. १९८९ साली मौलाना आझाद एज्युकेशन ट्रस्टनं ताज समूहाच्या साथीनं सुरू केलेलं कॉलेज ते. ट्रेनिंगला मला मुंबईचं ताजच मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात मी हाच प्रश्न तिथल्या एका जुन्या काकांना विचारला होता.

गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण त्या काळातला कुठलाही कागद तिला आधार देत नाही. जमशेटजींचा तेव्हाच्या मुंबईत केवढा दबदबा होता! गिरण्या होत्या, जागा-जमिनी होत्या. त्यांचे स्नेही, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी लिहून ठेवलं आहे की टाटांना हॉटेलाचा मालक व्हायची हौस नव्हती, माणसं हिंदुस्थानात यावीत आणि मुंबई सुधारावी ही इच्छा होती. १८९६ ला प्लेग आला, मुंबई रिकामी झाली, शहराचं नाव खराब झालं. त्यानंतर लगेच ताजचं काम निघालं, हे जास्त पटणारं कारण आहे. गोऱ्या प्रवाशांसाठी चालवलेल्या हॉटेलांत आपल्या माणसांना कमीपणा सोसावा लागे हे खरंच. म्हणून ती गोष्ट लोकांना मनापासून खरी वाटली.

ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. पहिल्या दिवशी पाहुणे किती? सतरा! आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्ये गेले, काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं पुरं केलं. मधला जिना सोराबजी कॉन्ट्रॅक्टर यांचा. त्या जिन्याखाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखेपर्यंत नजर हलत नाही. पहिल्या महायुद्धात त्याच हॉटेलात ६०० खाटांचं इस्पितळ होतं.

आणि ती दुसरी गोष्ट, इंजिनिअरनं नकाशा उलटा धरला म्हणून ताजचं तोंड चुकलं, तीही खोटी. जुनं दार मुद्दामच शहराच्या बाजूला होतं, आज पोहण्याचा तलाव आहे तिथं. समुद्राचा वारा जास्तीत जास्त खोल्यांना मिळावा असा तो आराखडा. मला या वैद्यांबद्दल फार वाईट वाटतं. तीन वर्षं आधी गेलेल्या माणसाच्या नावावर लोक आजही चूक टाकतात.

लोखंडवाट दादा, तुमच्या कामाची एक गोष्ट: ताजच्या बॉलरूमचे लोखंडी खांब जमशेटजींनी स्वतः पॅरिसला जाऊन मागवले होते. मी रोज त्यांच्यामधून ट्रे घेऊन जात होते. आता परत गेले तर टिचकी मारून बघणार.

परभणीची_सई

मीराताई, धन्यवाद. शाळेतल्या बाईंना फोन करून सांगते. त्या आता ऐंशीच्या आहेत, पण त्यांना आवडेल.

अंबाजोगाईकर

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं बोलतो. साहेबाच्या हॉटेलासाठी आपण मराठवाड्यातल्या माणसांनी हळहळायचं कशासाठी? आमचं गाव म्हणजे जुनं मोमिनाबाद, निजामाच्या फौजेची छावणी. इथं बाराखांबीचं मंदिर आहे, यादवांच्या काळातलं. त्याचे कोरीव खांब किती पिढ्या उन्हापावसात पडून होते. शाळेतून येताना आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो, कुणी आम्हाला उठवलं नाही की काही सांगितलं नाही. हत्तीखान्याची लेणी बघायला बाहेरचा माणूस चुकून येतो. मुंबईची एक इमारत पडली तर शंभर लोक लेख लिहितात. आमच्या खांबांसाठी कोण लिहितं?

लोखंडवाट

दादा, तुमचं दुखणं माझंही आहे. जालन्यातल्या जुन्या वाड्यांच्या कमानी डोळ्यादेखत जमीनदोस्त झाल्या. बाराखांबीवर तुम्ही धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा असेल.

पण एस्प्लनेड मॅन्शन माझ्यासाठी साहेबाचं उरलं नव्हतं. साहेब जाऊन जमाना झाला होता. शेवटची पन्नास-साठ वर्षं तिथं वकिलांचे कारकून होते, टायपिंगवाले होते, चहा पोचवणारी पोरं होती, माझे वडील होते. या माणसांच्या पगारावर गावाकडच्या चुली पेटल्या. माझी फी त्या बाल्कनीतून आली. ती साहेबाची असेल तर तेवढीच आमचीही आहे.

अंबाजोगाईकर

पटलं. फीचं वाक्य वाचून थांबलो. धागा काढतो, फोटोही टाकतो.

रेघोट्या (मूळ लातूर, सध्या मुंबई)

मी वास्तुकला शिकते. ही इमारत आम्हाला अभ्यासाला होती, म्हणून पडझडीचं थोडं सांगते.

हॉटेल बंद झाल्यावर मोठी दालनं तोडून लहान लहान गाळे काढले. मालकी बदलली, नावं बदलली, मधे काही काळ महेंद्र मॅन्शन असंही नाव होतं. भाडं जुनंच, दुरुस्ती कुणी करेना. २००५ च्या जुलैत बाल्कन्यांचा एक भाग रस्त्यावर कोसळला, त्यात एक माणूस गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं २००६ साठी जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंची यादी केली, त्यात हिचं नाव होतं. २०१९ ला म्हाडानं ती रिकामी करून घेतली. आयआयटी मुंबईच्या अहवालात पाडण्याची शिफारस होती. वारसा जपणाऱ्यांनी दुसऱ्या जाणकारांकडून तपासून घेतलं, तर त्यांचं म्हणणं पडलं की सांगाडा दुरुस्त होऊ शकतो. प्रकरण हायकोर्टात गेलं.

माझं मत सांगते. पाडा म्हणणाऱ्यांना शत्रू समजू नका. खाली रस्त्यावरून माणसं चालतात, एक जीव गेलाय. पण नट-बोल्टानं जोडलेली इमारत दगडी इमारतीपेक्षा सुटी करायला सोपी असते. कुजलेली तुळई काढून नवी बसवता येते, खांब तसाच राहतो. लोखंडवाट काकांनी खांब आणि तुळईतला जो फरक नखानं तपासला, त्यावरच सगळी दुरुस्ती उभी आहे.

आणि सिनेमा कसा राहिला अजून? ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच वॉटसन हॉटेलमध्ये. तिकीट एक रुपया. मारियस सेस्तिए नावाचा त्यांचा माणूस ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईला उतरला आणि सहा लहान चित्रपट दाखवले. पुढच्या आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. त्या वर्षी ही चित्रं पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे आपले सावेदादा होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ ला हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. फाळक्यांच्या चौदा वर्षं आधी.

गोदातीर

रेघोट्या, शाब्बास. आणखी एक आठवलं. त्याच १८९६ च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन वॉटसनमध्ये उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं पानंच्या पानं लिहिली आहेत. बाल्कनीच्या कठड्यावर बसून आपल्याकडं टक लावून बघतात, आपल्या कपड्यांविषयी, चेहऱ्याविषयी आपसात चर्चा करतात, अशा अर्थाचं.

बालाघाट

लोखंडवाट भाऊ, काकांना विचारा ना. ते तिथं होते तेव्हा हॉटेलाची काही खूण उरली होती का?

लोखंडवाट

काल रात्री जेवण झाल्यावर वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं वाचावा लागला. घरातले सगळे गोळा झाले.

कावळ्यांचं आलं तसे ते उठून बसले. म्हणाले, रोज सकाळी वळकटी गुंडाळली की रात्रीच्या भाकरीचा उरलेला चतकोर ते कठड्यावर ठेवायचे. कावळे ठरलेल्या वेळेला यायचे. एक लंगडा होता, त्याचा तुकडा वेगळा. ज्या दिवशी भाकर उरायची नाही त्या दिवशी कावळे ओरडून वकीलसाहेब यायच्या आधी अख्खा मजला जागा करायचे.

मग मी विचारलं, हॉटेलाची काही खूण? बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले की एकदा हापिसाला रंग द्यायचा होता, तर दार घासायचं काम त्यांच्याकडं आलं. पॉलिश पेपर मारता मारता चौकटीच्या वर पितळेचा एक आकडा निघाला, रंगाच्या थरात बुजलेला. ४७. त्यांना वाटलं, कोर्टातल्या कपाटांना असतो तसा नंबर असेल. चिंच लावून चकचकीत केला. वकीलसाहेब म्हणाले, राहू दे, छान दिसतो. पुढची सगळी वर्षं दर दसऱ्याला ते त्या आकड्याला झेंडूचं फूल लावायचे, हापिसाचा नंबर म्हणून.

"खोलीचा नंबर होता व्हय तो," एवढंच म्हणाले. झोपायला गेले, अन् परत येऊन विचारलं, "खांब हायेत ना अजून?"

रेघोट्या, तू मुंबईत आहेस. बाहेरून तरी नीट बघायला मिळेल का? वडिलांचे गुडघे गेलेत, लांब चालता येत नाही. देवगिरी एक्सप्रेसची तिकिटं काढायचा विचार आहे.

रेघोट्या

काका, नक्की या. रविवारी सकाळी आठच्या आत पोचलात तर रस्ता मोकळा असतो. सीएसएमटीहून टॅक्सी करा आणि "जहांगीर आर्ट गॅलरी" सांगा, दहा मिनिटांत पोचाल. रस्त्यापलीकडे बघितलं की पिवळ्या दगडाची डेव्हिड ससून लायब्ररी, तिच्या शेजारी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, आणि त्याला लागून तुमची. घोड्याचा नवा पुतळा २०१७ ला बसवलाय, आजोबांनी पाहिला नसेल. त्यावर स्वार नाही. जुना पुतळा तर १९६५ लाच हलवला होता, राणीच्या बागेत आहे.

इमारतीच्या खाली मात्र उभे राहू नका, समोरच्या फुटपाथवरूनच बघा. आजोबांसाठी मी घडीची खुर्ची घेऊन येते. आणि भाकरीचा चतकोर असू द्या सोबत, कावळे अजून तिथंच आहेत.